इतिवृत्तात दुरुस्ती

फॉर्मवर एक रकाना होता :
तुमच्याकडे कोणतं जनावर आहे?
लुइस्टनमध्ये आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो.
आईने विचारलं, झुरळं चालतील का,
आणि स्वतःच हसत सुटली.
मी लिहिलं : अजून नाही.
'अजून' पुन्हा गिरवला,
पेन्सिल इतकी दाबली की मागच्या पानावर उमटला.

क्लब भरायचा शेतकरी मंडळाच्या हॉलखाली, तळघरात,
एक आड एक मंगळवारी.
बाहेर जानेवारी.
बुटांतलं बर्फाचं पाणी
आमच्याआधी जिना उतरलेलं.
मी दाराजवळची घडीची खुर्ची धरली,
वेळ आलीच तर पळता येईल अशी.

अध्यक्ष ऑर्विल पेल्की, वय चौदा,
हातात लाकडी हातोडा, गालभर मुरूम.
'सभेला सुरुवात होत आहे' म्हणताना
त्याचा आवाज मध्येच फाटला
आणि कुणी हसलं नाही.
तेव्हा मी कोटाचं एक बटण काढलं.

ठराव : शेळ्यांच्या गोठ्यात नवा बल्ब.
सूचक कोण, अनुमोदक कोण,
एका बल्बसाठी केवढा दरबार!
छावणीत आमची पाण्याची रांग ठरायची
ती ओरडून, आणि कोपरांनी.
इथे सात मुलं हात वर करून
उजेड मंजूर करत होती.

गोठा सगळ्यांचा, थिबोडो बाई म्हणाल्या,
चाळीस वर्षं कारखान्यात बुटांचे तळवे शिवलेल्या,
बोटं अजून सुई धरल्यासारखी.
ज्याला जनावर नाही त्याला क्लबचं.
मला मिळाली पिकल : एक शिंग मोडकं,
स्वभाव खाष्ट,
पहिल्याच दिवशी माझ्या बाहीची नाडी खाल्ली.

फेब्रुवारीत आई गोठ्यात आली,
कुणीतरी दिलेल्या पुरुषी कोटावर पिवळी शाल.
बाई रंगांचं कार्ड शोधत होत्या :
पापणीच्या आतला रंग त्याच्याशी ताडायचा,
फिकट असला तर पोटात जंत.
आईने अंगठ्याने पिकलची पापणी ओढली
आणि काहीतरी पुटपुटली.
मी इंग्रजीत सांगितलं :
रक्त कमी आहे. आजचं नाही, पंधरा दिवसांचं.
मग कार्ड सापडलं.
कार्डही तेच म्हणालं, जरा उशिरा.

जुबा नदीकाठी तिच्या बापाच्या चाळीस शेळ्या होत्या,
हे तिने मला तोवर कधी सांगितलंच नव्हतं.
त्या फिकट पापणीमागे
चाळीसही उभ्या होत्या, रवंथ करत.

पुढच्या सभेत सचिव मार्लिस वाचू लागली :
'नवीन सदस्य बटालिओ. एक शेळी.
सदस्याच्या आईने जंत ओळखले.'
'इतिवृत्तात काही दुरुस्ती?'
ऑर्विलने हातोडा उचललाही होता,
कारण दुरुस्ती कधीच नसते.

शाळेत चार वर्षं मी बटालिओ होते,
बेटूला होते, एकदा नुसती बटर.
ज्या हाकेला कुणीच ओ देत नसे
ती माझी, असं ओळखून
मी 'हजर' म्हणत आले होते.

हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणं,
लोक तसंच म्हणतात.
मी केला, आणि सगळं अंग त्या हातामागे गेलं.

बातुलो, मी म्हणाले. तीन अक्षरं.
आणि 'सदस्याची आई' नको.
मुमिना लिहा.

कॉफीचं पिंप गुरगुरलं.
हातोडा हवेतच.
तेवढ्यात, थिबोडो बाई नव्हे, मोठं कुणीच नव्हे,
सशांवाला डेल्बर्ट, वय नऊ, बारमाही सर्दी,
बिस्किटातून मान वर न काढता म्हणाला :
अनुमोदन.

मार्लिसने पेननेच खोडलं.
त्या वहीत चूक अजून आहे, नीट वाचता येते,
आणि तिच्या डोक्यावर
दोन ओळींमधल्या चिंचोळ्या जागेत
थोडी तिरकी,
मी.